आपलेच बोलणे पुन्हा ऐकताना

गेल्या मार्चमध्ये, तूर घरात येऊन शेते मोकळी झाली होती तेव्हा, लाइफ कोच म्हणून घेतलेल्या माझ्याच एका सत्राचे ध्वनिमुद्रण मी माझ्या मार्गदर्शिकेसोबत, म्हणजे माझे काम तपासणाऱ्या अनुभवी कोचसोबत, बसून ऐकले. सत्र बेचाळीस मिनिटांचे होते. समोर बसलेला मुलगा सव्वीस वर्षांचा. चार वर्षे यवतमाळच्या अभ्यासिकेत पोलीस भरती आणि तलाठ्याच्या परीक्षांची तयारी करून तो गावी परतला होता आणि पाच एकर कोरडवाहू शेतीच्या जोडीला दुधाचा धंदा करावा की तालुक्याला कृषी केंद्र टाकावे, या विचारात होता. ध्वनिमुद्रण करायला आणि ते मार्गदर्शिकेला ऐकवायला त्याने आधीच होकार दिला होता, आणि त्याची ओळख पटणार नाही अशा बेताने इथे लिहायलाही त्याची हरकत नाही. माझ्या आठवणीत ते सत्र उत्तम झाले होते. जाताना त्याने दोन म्हशींचे ठरवले होते, बँकेत कोणत्या दिवशी जायचे तेही ठरवले होते, आणि मी समाधानाने वही मिटली होती.

अकराव्या मिनिटाला मॅडमनी ध्वनिमुद्रण थांबवले, थोडे मागे नेले आणि पुन्हा लावले. मुलगा म्हणत होता, "बाबाले त मी अजून सांगतलंच नाही, का पेपर देणं सोडलं म्हणून." आणि त्यावर लगेच, त्याचा श्वास पुरा व्हायच्या आत, माझा आवाज होता: "बरं, मग बँकेत कधी जायचं ठरवतोस?" मॅडमनी तेवढाच तुकडा तीनदा ऐकवला आणि तिसऱ्यांदा एवढेच विचारले, "तो काय म्हणाला?" मला सांगता आले नाही असे नव्हे, त्याचे शब्द मला ऐकू आलेच होते. पण ज्या दिवशी ते माझ्यासमोर बोलले गेले, त्या दिवशी मी ते ऐकले नव्हते. चार वर्षे ज्या बापाने कापूस विकून खोलीचे भाडे भरले, त्याला काय सांगायचे हा त्या मुलाच्या मनावरचा खरा भार होता, आणि मी त्याला म्हशींच्या हिशेबाकडे ओढून नेले होते. नंतर आम्ही घड्याळ लावून मोजले. बेचाळीसपैकी चोवीस मिनिटे मी बोलत होते.

मी आठ वर्षांपासून लाइफ कोच म्हणून काम करते. त्याआधी बचत गटांच्या बायकांसोबत काम करीत होते. ज्या वर्षी हे सत्र झाले त्या वर्षी मी ऑनलाइन वर्ग, वेबिनार आणि चर्चासत्रे मिळून साठ तासांपेक्षा जास्त शिक्षण घेतले होते, आणि प्रत्येकाचे प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. त्या साठ तासांतल्या एकाही तासाने मला हे दाखवले नव्हते, जे त्या एका तुकड्याने दाखवले. या व्यवसायात शिकत राहणे म्हणजे नेमके काय, याचा विचार मी तेव्हापासून नव्याने करू लागले, आणि आमच्या भागात हे काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मंडळींसाठी तो इथे मांडते आहे.

आमच्याकडे 'कोचिंग' म्हटले की लोकांना दहावी-बारावीचा क्लास आठवतो, 'कोच' म्हटले की कबड्डीचा. त्यामुळे मी काय करते हे प्रत्येक नव्या माणसाला सांगावे लागते: मी सल्ला देत नाही, उपचार करीत नाही, तुम्हाला जे करायचे आहे त्याचा विचार तुम्ही मोकळेपणाने आणि शेवटपर्यंत करावा म्हणून तुमच्यासोबत बसते. हे ऐकायला सोपे वाटते आणि म्हणूनच धोक्याचे आहे. आपल्या देशात लाइफ कोच होण्यासाठी कायद्याने कोणतीही नोंदणी लागत नाही. डॉक्टरांचे तसे नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी टिकवायची तर डॉक्टरांना पाच वर्षांत निरंतर शिक्षणाचे ३० श्रेयांक मिळवावे लागतात. आमच्यावर असे कोणतेही बंधन नसल्यामुळे ते आपले आपणच घालून घ्यावे लागते.

ज्यांना ते घालून घ्यायचे आहे त्यांच्यापैकी पुष्कळ जण इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनचे मानांकन घेतात. ही संस्था १९९५ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिच्या पहिल्या पायरीच्या मानांकनाला, म्हणजे एसीसीला, किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. पुढच्या पीसीसीला १२५ तासांचे प्रशिक्षण आणि ५०० तासांचा अनुभव. आणि सर्वांत वरच्या एमसीसीला २,५०० तासांचा अनुभव. मानांकन तीन वर्षे टिकते. मी नूतनीकरण केले तेव्हा त्या तीन वर्षांत ४० तासांचे निरंतर शिक्षण दाखवावे लागले, त्यात किमान २४ तास कोचिंगच्या मूळ क्षमतांचे आणि ३ तास नीतिनियमांचे. एसीसीवाल्यांना यात १० तास मार्गदर्शक कोचसोबतही बसावे लागते. या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत मोलाचे वाटतात ते हे शेवटचे दहा तास, आणि बहुतेक जण नेमके तेच कसेतरी उरकतात, कारण ते महाग पडतात आणि त्यात आपले काम दुसऱ्यासमोर उघडे करावे लागते.

तास भरणे आणि शिकणे यांत किती अंतर आहे, हे दाखवणारा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रेरक संवाद (मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग) ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये प्रथम मांडली. व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांशी कसे बोलावे, यासाठी ती जन्माला आली, आणि आम्ही कोच लोकही तिच्यातून पुष्कळ घेतो. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील १४० व्यावसायिकांचे त्यांनी पाच गट केले. एका गटाने फक्त कार्यशाळा केली. दुसऱ्या गटाला कार्यशाळेनंतर, ध्वनिमुद्रित कामावर आधारित अभिप्राय मिळाला, तिसऱ्याला वैयक्तिक मार्गदर्शन, चौथ्याला दोन्ही, आणि पाचवा गट स्वतःच वाचून, पाहून शिकला. ज्यांना कार्यशाळेनंतर अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळत राहिले, त्यांचे कौशल्य नुसती कार्यशाळा करणाऱ्यांपेक्षा अधिक वाढले. पण मला अंतर्मुख केले ते दुसऱ्याच निष्कर्षाने. आपल्याला हे किती चांगले जमते याविषयी त्या व्यावसायिकांनी स्वतः जे सांगितले, त्याचा आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात दिसलेल्या कौशल्याचा काही संबंध आढळला नाही. आपल्याला जमते असे वाटणे हा जमत असल्याचा पुरावा नव्हे, हे मी वाचले होते. माझ्या बाबतीत ते पटायला मात्र ते अकरावे मिनिट यावे लागले.

इथे एका गोष्टीची नोंद करणे मला आवश्यक वाटते, कारण नव्या मुलामुलींचे यात नुकसान होते. सहा वर्षांपूर्वी मी एका मोठ्या शहरातील एका संस्थेच्या शनिवार-रविवारच्या वर्गाला अडतीस हजार रुपये भरले. दोन दिवसांच्या अखेरीस आम्हा सत्तर जणांना 'मास्टर' असा शब्द असलेले प्रमाणपत्र मिळाले. त्या दोन दिवसांत मला एकदाही कोणासमोर प्रत्यक्ष सत्र घ्यावे लागले नाही. माझे बोलणे कोणी ऐकले नाही आणि माझा एकही प्रश्न कोणी दुरुस्त केला नाही. अडतीस हजार ही आमच्याकडे कापसाच्या कित्येक क्विंटलांची रक्कम आहे. कोणी असा वर्ग सुचवला तर मी आता एकच विचारते: माझे सत्र कोण ऐकणार आहे आणि किती वेळा? याचे उत्तर मिळाले नाही तर पुढचे माहितीपत्रक मी वाचत नाही.

उत्तर मिळवण्याची सोय आम्ही आता आपसांत केली आहे. आम्ही तिघे आहोत: मी दारव्ह्याची, एक सहकारी वर्ध्याकडचे, एक वरुडची. महिन्यातून एका रविवारी आम्ही धामणगाव रेल्वेला भेटतो, कारण वर्ध्याहून गाडीने आणि यवतमाळ-अमरावतीकडून एसटीने तिथे पोचता येते. एका ओळखीच्या शिक्षकांच्या घरची माडीवरची खोली मिळते. सकाळच्या वेळात तिघांपैकी एक जण कोच होतो, दुसरा आपला खरा प्रश्न घेऊन बसतो, आणि तिसरा बोलत नाही. तो शंभरपानी वहीत मधोमध रेघ ओढून डाव्या बाजूला कोचचे शब्द आणि उजव्या बाजूला समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहितो; सारांश लिहायचा नाही आणि आपले मतही लिहायचे नाही, असा नियम आहे. वीस मिनिटांनंतर ते पान तिघे मिळून वाचतात. डावी बाजू भरलेली आणि उजवी मोकळी असेल, तर कोणाला काही सांगण्याची गरज राहत नाही. दुपारी जेवण झाल्यावर एकेक ध्वनिमुद्रण ऐकायचे, तेही ज्याच्यासाठी त्या व्यक्तीने होकार दिला आहे तेच, आणि ऐकून झाले की ते तिथेच फोनमधून काढून टाकायचे. ब्रिटनमध्ये समुपदेशकांच्या बीएसीपी या संघटनेने आपल्या मान्यताप्राप्त सभासदांना महिन्याला किमान दीड तास पर्यवेक्षण, म्हणजे आपले काम दुसऱ्या जाणत्या व्यावसायिकासमोर मांडणे, सक्तीचे केले आहे. आमचा रविवार त्याच जातीचा आहे, फक्त तो आम्ही आमच्या रेल्वेमार्गावर बसवला आहे.

या बैठकांमधून सर्वांत जास्त काम झाले ते भाषेवर, आणि या विषयावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. आमचे सगळे प्रशिक्षण इंग्रजीतून होते. फार तर पुण्या-मुंबईच्या मराठीतून. तिथे शिकलेला प्रश्न गावात तसाच विचारला की तो समोरच्याला लागत नाही. "तुम्हाला कसे वाटते?" असे विचारले की आमच्याकडच्या बाईचे उत्तर ठरलेले असते: "बरं वाटते." आजारी माणसाला भेटायला आलेल्याने विचारावे असा तो प्रश्न तिला वाटतो, आणि त्याला द्यायचे तसे उत्तर ती देते. वरुडच्या सहकारी ताईंनी एकदा तोच प्रश्न "तवा जीवाले काय होते तुमच्या?" असा विचारला, आणि जी बाई दोन सत्रे नुसती मान हलवत होती ती बोलू लागली: जीव घाबरा होतो, जीव लागत नाही, जीव वरखाली होतो. भावना सांगायला आमच्या बोलीत 'जीव' हा एक शब्द किती काम करतो, हे आम्ही तिघेही लहानपणापासून जाणतो, आणि तरी व्यवसायात शिरताना तो आम्ही उंबऱ्याबाहेर ठेवून आलो होतो.

'ध्येय' या शब्दाचेही तसेच आहे. तो भाषणातला, शाळेच्या भिंतीवरचा शब्द आहे. तो उच्चारला की माणूस ताठ बसतो आणि जे सांगायला हवे ते सांगतो. "यंदा काय व्हायले पायजे, असं मनात हाये?" असे विचारले तर तो खरे सांगतो. 'यंदा' या शब्दामुळे प्रश्न पेरणीपासून वेचणीपर्यंतच्या काळात बसतो, आणि आमच्याकडचा माणूस आपल्या आयुष्याचा विचार त्याच मापाने करतो. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता, हा प्रश्न कोरडवाहू शेतकऱ्याला विचारणे मला आता योग्य वाटत नाही. पावसावर ज्याचे वर्ष अवलंबून आहे त्याच्याकडे पाच वर्षांचे चित्र नसते, आणि ते नसणे हा त्याच्या विचारशक्तीचा दोष नाही. अशा प्रश्नांची आम्ही एक वही केली आहे. डाव्या पानावर शिकवलेला प्रश्न, उजव्या पानावर तो कोणी, कोणत्या शब्दांत विचारला तेव्हा माणूस खरोखर विचारात पडला, ते. तीन वर्षांत एकशे चाळीसच्या आसपास प्रश्न जमले आहेत. निरंतर शिक्षणाच्या कोणत्याही अर्जात ही वही दाखवता येत नाही, पण माझ्या घरातील सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा मला ती अधिक जपावीशी वाटते.

प्रश्न विचारून माणसाला जागे करण्याची रीत आमच्या मातीला परकी नाही. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारीत आणि लोकांकडूनच उत्तरे घेत, हे आम्ही आजी-आजोबांकडून ऐकत आलो. मी अनेक वर्षे स्वतःच्या कामाचे नाते त्या परंपरेशी जोडत असे. धामणगावच्या एका बैठकीत वर्ध्याच्या सहकाऱ्यांनी मला त्यावर थांबवले, आणि त्यांचे म्हणणे मला पटले. बाबांना उत्तर माहीत होते. कर्ज काढून सण करू नका, मुलांना शिकवा, हे त्यांना लोकांच्या तोंडून वदवून घ्यायचे होते, आणि त्यांच्या अधिकाराच्या माणसाला तो हक्क होता. मला तो नाही. म्हशी घ्याव्यात की कृषी केंद्र टाकावे, याचे उत्तर माझ्याजवळ तयार असेल आणि मी प्रश्नांच्या वाटेने मुलाला तिकडे नेत असेन, तर तो त्याचा विचार राहत नाही. त्या अकराव्या मिनिटाला मी तेच करीत होते.

नीतिनियमांच्या तीन तासांबद्दलही लिहायला हवे. शहरातील उदाहरणे घेऊन शिकवलेली गोपनीयता गावात अपुरी पडते. माझ्याकडे येणाऱ्या सुनेची सासू माझ्या आईसोबत भजनात बसते. अंगणात कोणाची चप्पल आहे ते गल्लीला दिसते. म्हणून मी काही जणींना शाळेच्या मागच्या ग्रंथालयात भेटते, काहींशी त्या शेतात एकट्या असताना फोनवर बोलते, आणि बाजारात भेट झाली तर त्यांनी आधी बोलल्याशिवाय मी ओळख दाखवत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवते.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे आपले काम कुठे संपते ते ओळखणे. आमच्या जिल्ह्यात हे शिक्षण टाळण्याची मुभा कोणालाही नाही. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, पावसाने खंड दिला असताना, एक पन्नाशीचे गृहस्थ मुलीच्या शिक्षणाबद्दल बोलायला आले आणि बोलता बोलता म्हणाले, "आता कायचं काय पोरी, सारं आवरून घ्या लागते." पूर्वीची मी असते तर "काय आवरायचं आहे?" असे विचारून यादी करायला घेतली असती. पण त्या उन्हाळ्यात मी आत्महत्या-प्रतिबंधाचे प्रशिक्षण घेतले होते आणि तिथे एक गोष्ट वारंवार करून घेतली होती: शंका आली की सरळ, त्याच शब्दांत विचारायचे. विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात शिरत नाही. उलट तो बोलायची वाट मोकळी होते. मी विचारले, "काका, जीव द्यायचा विचार येतो काय?" ते बराच वेळ खाली पाहत राहिले आणि म्हणाले, "येते." त्यानंतर मी कोच राहिले नाही. फवारणीचे औषध घरात कुठे ठेवले आहे ते विचारले, त्यांच्यासमोर त्यांच्या भावाला फोन लावला, ते औषध त्याच संध्याकाळी घराबाहेर हलवले गेले, आणि दुसऱ्या दिवशी भाऊ त्यांना घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. तो क्रमांक मी माझ्या प्रत्येक नव्या माणसाच्या फोनमध्ये पहिल्याच भेटीत जतन करून देते, गरज असो वा नसो. ते गृहस्थ आज शेती करतात. त्या सत्राचे ध्वनिमुद्रण नाही आणि ते करायलाही नको होते. पण त्या एका प्रश्नाचा सराव मी त्याआधी किमान तीस वेळा मोठ्याने केला होता, म्हणून तो वेळेवर तोंडातून निघाला.

खर्चाचे थोडक्यात सांगते. प्रत्येक सत्राच्या मानधनातील दहावा भाग मी शिक्षणासाठी वेगळ्या खात्यात टाकते आणि त्यातून वर्षाला मार्गदर्शिकेची पाच-सहा सत्रे होतात. वेळापत्रक मात्र शेतीच्या हंगामाप्रमाणे लावावे लागते. मृगापासून पोळ्यापर्यंत आणि नंतर वेचणीच्या दिवसांत लोकांना माझी गरज अवेळी पडते, म्हणून त्या काळात मी कोणत्याही वर्गाला नाव देत नाही. शिकणे होळीनंतर सुरू होते आणि रोहिणी लागेपर्यंत चालते.

त्या मुलाकडे मी परत गेले. मागच्या वेळी तू वडिलांबद्दल काही बोललास आणि मी ते सोडून पुढे गेले, हे मी त्याला सांगितले, आणि गप्प बसले. या सत्राच्या ध्वनिमुद्रणात तिथे एकोणीस सेकंद काहीच नाही. फक्त पंखा आणि लांबून ट्रॅक्टर ऐकू येतो. मग तो म्हणतो, "ताई, बाबाले मालूम असन. थे इचारत नाही म्हून मी सांगत नाही." पुढची वीस मिनिटे तो बोलला. म्हशींचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

एप्रिलच्या रविवारी धामणगावला मी हेच ध्वनिमुद्रण ऐकवले. वरुडच्या ताईंनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि वहीतल्या डाव्या बाजूच्या सहा जागांवर बोट ठेवले. सहाही ठिकाणी माझा प्रश्न 'ना' ने संपत होता: बोलावं लागेल ना, जमेल ना, त्यांनाही वाटत असेल ना. समोरच्याने 'हो' म्हणावे अशी सोय मी प्रश्नातच करून ठेवत होते. सध्या माझा सगळा सराव त्या एका अक्षरावर चालू आहे, आणि मेच्या बैठकीसाठी नवे ध्वनिमुद्रण तयार आहे.